बेणं कुठून आणलं?

आमच्याकडे हळद लावणाऱ्या माणसाशी कोणी बोलायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच बेण्याची चौकशी होते. जमीन कशी, पाणी किती, हे मागून येतं. आधी बेणं घरचं की विकतचं, कोणाच्या शेतातलं, त्या शेतात गेल्या साली कंदकूज होती का, हे विचारलं जातं. हळद बी पेरून येत नाही. गड्डा राखायचा, उन्हाळाभर सावलीत जपायचा, डोळे फुटले की लावायचा. त्यामुळे एकाच्या रानातलं दुखणं बेण्याबरोबर दुसऱ्याच्या रानात जातं आणि एकाच्या रानातला गुणही तसाच जातो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बेण्याचा वाटा मोठा आहे.

माझे मामा त्याच भागातले. काही वर्षांपूर्वी ते हिंगोलीला माझ्या घरी आले आणि बैठकीतल्या काचेच्या टाकीसमोर बराच वेळ बसून राहिले. दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात दगड, दगडांवर चिकटलेल्या लाल-निळ्या-हिरव्या मऊ छत्र्या. पाण्याच्या झोतावर त्या संथ हलत होत्या. हा जीव आहे, झाड नाही, हे मी त्यांना सांगितलं. याला मश्रूम कोरल म्हणतात, हेही सांगितलं. हे वाढतं कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सरकताना याच्या पायाचा बारीक तुकडा मागे चिकटून राहतो आणि त्यातून दुसरा जीव तयार होतो. मामा म्हणाले, "म्हणजे आपल्या हळदीवानीच की. मग बेणं कुठून आणलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. दुकानाचं नाव मला माहीत होतं, पण मामा दुकानाचं नाव विचारत नव्हते.

घरच्या टाकीत प्रवाळ पाळावं की पाळू नये, यावर माणसं दोन टोकं धरून भांडतात. एका बाजूला शौक, दुसऱ्या बाजूला निसर्गप्रेम. माझ्या मते सगळा वाद मामांच्या त्या एका प्रश्नावर येऊन थांबतो. ज्याला आपल्या टाकीतल्या जीवाचं बेणं सांगता येतं त्याने तो पाळावा, ज्याला सांगता येत नाही त्याने पाळू नये. हे मी प्रवाळाच्या बाजूने बोलतो आहे, तसंच पाळणाऱ्याच्याही बाजूने.

आधी हा जीव नीट ओळखून घेऊ. मश्रूम कोरल नावाने प्रवाळ असलं तरी प्रवाळाची जी खूण आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे चुनखडीचा कडक सांगाडा, तो याला नाही. शास्त्रज्ञ याचा वेगळा गण मानतात, कोरॅलिमॉर्फेरिया. डिस्कोसोमा, रोडॅक्टिस, रिकॉर्डिया ही त्यातली टाकीवाल्यांच्या तोंडी असलेली नावं. मधोमध तोंड, भोवती चकतीसारखं अंग, खाली दगडाला धरून ठेवणारा पाय. मेंदू नाही, पण मज्जातंतूंचं जाळं आहे. बोट लागलं की अंग आखडून घेतो. अंगाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा मिळतो आणि यजमानाच्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं खत म्हणून मिळतात. शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. याच कुळात ॲम्प्लेक्सिडिस्कस नावाचा एक मोठा भाऊ आहे. तो अंगाची कडा वर ओढून पिशवीसारखा मिटतो आणि आत सापडलेला लहान मासा खातो. अनेकांनी हौसेने आणलेला मासा असा गमावला आहे.

समुद्राशी हिंगोलीचा संबंध काय, असं कोणी विचारेल. कोणत्याही दिशेला निघालात तरी चारशे किलोमीटरच्या आत खारं पाणी नाही. कयाधू, पैनगंगा, पूर्णा या आमच्या नद्या, येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही आमची धरणं. पण प्रवाळ आमच्या घरात फार जुनं आहे. आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर पोवळी होती. मंगळ वक्री असला की बोटात पोवळं घालायला सांगतात, वैद्य प्रवाळ पिष्टी देतात. हे दागिन्यातलं लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून आलेलं. तो एका जीवाच्या वसाहतीचा सांगाडा असतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण तो अंगावर वागवला आणि त्याला खडा म्हटलं. माझ्या घरात तरी तो कधीकाळी जिवंत होता हे कोणी बोललं नाही. टाकीत जिवंत प्रवाळ ठेवण्याच्या बाजूचं पहिलं कारण मला इथे दिसतं. खडा समजलेली वस्तू श्वास घेताना दिसते, तेव्हा माणसाचं तिच्याशी असलेलं नातं बदलतं. माझ्याकडे येणारी शाळेची मुलं तासन्‌तास टाकीसमोर बसतात. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. माझ्या लहानपणी सहलीला मुंबईला गेलेली मुलं तारापोरवाला मत्स्यालय पाहून यायची आणि वर्षभर त्याबद्दल बोलायची. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली उघडलेलं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे.

पण मुलांचं कुतूहल हे चोरीच्या मालाचं समर्थन होऊ शकत नाही. आणि माझा पहिला माल चोरीचाच होता.

तो दगडासकट आला होता. मुठीएवढा दगड, त्यावर चार तांबड्या छत्र्या. मी फक्त छत्र्या पाहिल्या. सहा-सात महिन्यांनी त्यातली एक उजेड टाळून खाली सरकली आणि तिच्या जागी दगडाचा भाग उघडा पडला. त्यावर बारीक फुलांसारखी नक्षी होती, एकाला एक लागून, प्रत्येक फुलात मध्याकडे जाणाऱ्या पातळ भिंती. तो दगड नव्हताच. तो कडक प्रवाळाचा सांगाडा होता, समुद्रातून छिन्नीने तोडलेला.

याला कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण टाकीवाल्यांत याबद्दल सोयीचे गैरसमज फार आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी कडक, खडक बांधणारी प्रवाळं घातली गेली. काळी प्रवाळं, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप आणि फायर कोरलही त्यात आले. वाघाला जी अनुसूची लागू, तीच यांना. जिवंत तर सोडाच, मेलेला सांगाडा बाळगणंही गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा तीन ते सात वर्षं कैद इतकी जड आहे. मश्रूम कोरलचा गण मात्र या यादीत नावाने नाही. प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीतही नाही. म्हणून विकणारा छातीठोकपणे सांगतो, हे चालतं. त्याचं म्हणणं छत्रीपुरतं खरं असेलही, पण छत्री हवेत उगवत नाही. समुद्रात ती बसते प्रवाळाच्या खडकावर, आणि समुद्रातून उपटलेली छत्री बहुतेक वेळा तो खडक घेऊनच येते. सुटी करून विकली तरी खडक तुटायचा तो तुटलेलाच असतो.

या कायद्याचं वजन किती आहे याचं एक उदाहरण मुंबईत घडलं. सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ लहान वसाहती सापडल्या. रस्ता हजारो कोटींचा, शहराला घाई झालेली. तरी त्या वसाहती हलवायला रीतसर परवानगी घ्यावी लागली आणि २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या दक्षिण मुंबईच्या किनाऱ्यावर नेऊन बसवण्यात आल्या. मला ही बातमी वाचून समाधान वाटलं होतं. त्याच वर्षी कदाचित तशाच एका खडकाचा तुकडा थर्माकोलच्या डब्यात बसून माझ्याकडे आला होता आणि वाटेत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. जिथे कायद्याचं बोट पोचत नाही तिथे विकत घेणाऱ्याने विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं.

शौकाने किनारे ओस पडतात, ही भीती काल्पनिक नाही. तसं घडून गेलेलं आहे. काचेच्या टाकीत समुद्र ठेवण्याचं वेड पहिल्यांदा पसरलं ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्ग अभ्यासकाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला १८५३ साली उघडलेल्या पहिल्या मत्स्यालयासाठी जीव पुरवले आणि पुढच्याच वर्षी 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं. पुस्तक सुंदर होतं, म्हणूनच त्याने घात केला. सुट्टीला किनाऱ्यावर जाणारी कुटुंबं छिन्नी, जाळी आणि बरण्या घेऊन निघू लागली. ओहोटीच्या खड्ड्यांतून समुद्रफुलं खरवडून घरी नेली गेली आणि बहुतेक काही दिवसांत मेली. गॉस श्रद्धाळू माणूस होता, देवाची निर्मिती लोकांनी पाहावी एवढीच त्याची इच्छा होती. पुढे त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या 'फादर अँड सन' या आठवणींत लिहून ठेवलं की ज्या खडकांवर आपण वडिलांबरोबर बालपणी हिंडलो ते खडक संग्राहकांनी लुटून नेले आणि वडिलांना आपल्या लेखणीचा हा परिणाम पाहून दुःख झालं. त्या इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर कोरिनॅक्टिस नावाचा एक रत्नासारखा झगझगीत जीव आजही सापडतो. तो मश्रूम कोरलच्याच गणातला आहे. गॉसच्या चुकीचं कारण माझ्या समजुतीने एकच. त्याने पाळायला शिकवलं, वाढवायला शिकवलं नाही. त्या काळी वाढवण्याची विद्याच नव्हती. बरणी रिकामी झाली की लोक पुन्हा किनाऱ्याकडे धावत.

आज ती विद्या आहे, आणि मश्रूम कोरलच्या बाबतीत ती इतकी सोपी आहे की न वापरणं अक्षम्य ठरावं. धारदार पात्याने छत्री मधोमध, तोंडातून जाणाऱ्या रेषेवर कापायची. दोन्ही भागांत तोंडाचा अंश आला पाहिजे. तुकडे लहान वाटीत सिमेंटच्या किंवा मातीच्या खड्यांवर ठेवायचे, वर जाळी बांधायची म्हणजे झोताने वाहून जात नाहीत. जखम काही दिवसांत भरते, आठवड्या-दोन आठवड्यांत पाय खड्याला धरतो. कापायचं धाडस नसेल तर थांबायचं. जीव स्वतः सरकतो, मागे पायाचे कण ठेवतो, महिन्याभरात मसुराच्या दाण्याएवढी पिल्लं दिसू लागतात. त्याला भगभगीत उजेड नको, जोराचा झोत नको. कडक प्रवाळ पाळणाऱ्यांना कॅल्शियम आणि क्षारतेचा हिशेब रोज ठेवावा लागतो. याला सांगाडाच बांधायचा नसल्याने तो जाच कमी. नवशिक्याने सुरुवात कशाने करावी, या प्रश्नाला म्हणूनच सगळे जाणकार याच्याकडे बोट दाखवतात. याच्याइतका सहज वाढणारा जीव खडकावरून उपटून आणणं म्हणजे घरात बेण्याचा ढीग पडलेला असताना शेजाऱ्याच्या रानातली हळद उपटण्यासारखं आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. पहिलं बेणं कुठून आलं? पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेली छत्री कितीही पिढ्यांची असली, तिची मूळ आई समुद्रातूनच आली असणार. बरोबर आहे. हळदही कधीतरी रानातूनच आली. फरक पुढच्या हिशेबात पडतो. टाकीतला एक तुकडा एका नव्या माणसाला मिळाला की समुद्रातून उपटलेल्या एका तुकड्याचं गिऱ्हाईक कमी होतं. दहा वर्षांत ती एक आई शंभर खरेद्या थांबवू शकते. रोज ताजा माल खडकावरून आणणाऱ्याच्या बाबतीत असं काही होत नाही. तिथे प्रत्येक मेलेला जीव पुढच्या खरेदीचं कारण होतो. म्हणून जुनं बेणं आणि ताजी लूट यांना एकाच मापाने मोजू नये. माशांच्या बाबतीत आपल्याकडे ही दिशा पकडली गेली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याचं तंत्र बसवलं आणि आपल्या राज्यात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीला हॅचरी उभारली. नारिंगी-पांढरा क्लाउनफिश घेताना आज गिऱ्हाईक हॅचरीचा मागू शकतो. मऊ प्रवाळांसाठी अशी व्यवस्था उभी राहायला हवी. किनारपट्टीतल्या बचत गटांना त्यात चांगलं काम मिळेल आणि माल कुठला हे कागदावर येईल.

आता पाण्याकडे येतो, कारण मराठवाड्यात कोणत्याही गोष्टीचं खरं-खोटं शेवटी पाण्यावर ठरतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आलं, ते दृश्य आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. अशा मुलखात बैठकीत दोनशे लिटरची टाकी ठेवणाऱ्याने हिशेब द्यायलाच हवा. आमचं विंधन विहिरीचं पाणी बेसॉल्टमधून आलेलं, जड. शेतीच्या भागात त्यात नायट्रेटही असतं. ते तसंच टाकीत चालत नाही. आरओमधून काढावं लागतं. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचं, शिवाय उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटर वाफ होऊन उडतं तेवढं भरायचं. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला पंचेचाळीस लिटर शुद्ध आणि शंभराच्या वर फेकलेलं. ज्या गल्लीत टँकर येतो तिथे हे चालणार नाही. मी ते चालू दिलं पहिली दोन वर्षं, याची मला खंत आहे.

उपाय होता डोक्यावर, शब्दशः. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या स्लॅबवर चाळीस मिलिमीटरची एक सर पडली तर दोन हजार लिटर होतात. पावसाचं पाणी आरओच्या पाण्याच्या जवळपास शुद्ध असतं. पहिल्या दोन-तीन सरींत गच्चीची धूळ धुऊन जाऊ द्यायची, मग प्लॅस्टिकच्या अंधाऱ्या टाक्यांत भरायचं, वापरताना रेझिनच्या नळीतून गाळून घ्यायचं. लोखंडी पत्रा किंवा तांब्याचा तुकडासुद्धा वाटेत नको, तांबं या जीवांना विष आहे. गेली काही वर्षं माझी टाकी मृगापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गच्चीच्या पाण्यावर चालते. ज्याला हे करता येत नाही त्याने मराठवाड्यात समुद्री टाकी लावू नये, असं मी स्पष्टपणे म्हणतो.

बदलून काढलेल्या पाण्याचा विचार तर फार थोडे करतात. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असतं. दोनशे लिटरला सात किलो. आठवड्याला वीस लिटर बाहेर टाकलं तर सातशे ग्रॅम, वर्षाला छत्तीस किलो. हे अंगणात ओतणारा माणूस आपल्याच मातीत दरवर्षी एवढं मीठ पेरत असतो. पाण्यावर खारवट झालेली जमीन काय असते हे कालव्याखालच्या शेतकऱ्याला विचारावं. झाडांना हे पाणी देऊ नये, बोअरजवळ ओतू नये. मी ते पसरट ट्रेमध्ये गच्चीवर उन्हात ठेवतो. आमच्या उन्हाला हे काम दोन दिवसांचं आहे. उरलेलं मीठ कचऱ्याच्या गाडीत जातं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कमी जीव, कमी खाद्य आणि त्यामुळे कमी बदल. मश्रूम कोरलला थोडं मळकट, पोषक पाणी सोसतं, किंबहुना आवडतं. आरशासारखी स्वच्छ टाकी त्याला उपाशी ठेवते.

उन्हाळ्याने मला जे शिकवलं ते कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नसतं. मे महिन्यात हिंगोलीत पारा बेचाळीसच्या पुढे जातो. टाकीचं पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांत राहायला हवं. एका वर्षी रात्री साडेदहाला लाईट गेली ती पहाटे चारला आली. कुलर बंद, पंप बंद. बंद पाण्यात प्राणवायू झपाट्याने उतरतो. सकाळी पाणी बत्तीस अंशांवर होतं. मासे गेले होते. छत्र्या जिवंत होत्या, पण पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यांचा रंग उतरत गेला. आतलं शैवाल बाहेर पडलं होतं. पांढरट, जवळजवळ पारदर्शक अंगं दगडाला धरून होती. ज्याला विरंजन म्हणतात ते मी घरात पाहिलं. समुद्रात हे व्हायला पाच अंशांची गरज लागत नाही. नेहमीच्या कडक उन्हाळ्याच्या वर एक अंश पाणी काही आठवडे तापलं की पुरतं. १९९८ साली, २०१० साली, २०१६ साली ते झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक विरंजन सुरू असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. वर्तमानपत्रात एक अंश हा आकडा वाचून माणूस पान उलटतो. टाकीसमोर बसून थर्मामीटर पाहिलेला माणूस उलटत नाही. माझ्या छत्र्यांपैकी निम्म्या दोन महिन्यांत पुन्हा रंगल्या, कारण मी पाणी थंड करू शकलो. समुद्रावर पंखा लावता येत नाही. तेव्हापासून टाकीला स्वतंत्र बॅटरी आहे आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही.

काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतात, एवढं करण्यापेक्षा मुलांना मालवणला न्या. न्यावं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना जिवंत किनारा दाखवत आहेत. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावलेल्या आंग्रिया बँकेच्या बुडालेल्या पठारावर प्रवाळाची मोठी वस्ती आहे. हे महाराष्ट्राचं वैभव आहे आणि मराठवाड्याच्या मुलाचाही त्यावर हक्क आहे. पण सेनगाव किंवा कळमनुरीच्या शाळेतून मालवणला जाणं किती मुलांच्या नशिबात येतं? आणि गेल्यावर प्रवाळावर पाय ठेवू नये, काही उचलू नये, हे ज्याला आधीच कळलेलं आहे तोच तिथे पाहुण्यासारखा वागतो. माझ्या टाकीसमोर बसलेली मुलं काचेला बोट लावून थांबतात, पाण्यात हात घालत नाहीत. मी त्यांना छत्री आखडताना दाखवली आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. कंटाळा आला म्हणून जीव बाहेर सोडू नये. आमच्या नदीत खाऱ्या पाण्यातला जीव तासाभरात मरेल, पण कोकणात राहणाऱ्या किंवा सुट्टीला तिकडे जाणाऱ्या माणसाला तो "समुद्राला परत" द्यावासा वाटतो. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा बेटावर काय झालं ते अशा माणसाने ऐकावं. तिथे १९९१ साली एक मासेमारी जहाज फुटून खडकावर अडकलं. त्याच्या भोवती मश्रूम कोरलची एक जात बेसुमार वाढली आणि तिने आजूबाजूच्या कडक प्रवाळांना झाकून टाकलं. शेवटी अमेरिकी सरकारने ते भंगार उचलून नेलं, तेव्हा कुठे आवर घालता येऊ लागला. जो जीव टाकीत सोपा असतो तोच चुकीच्या जागी आवरत नाही. दुखण्याचं बेणं म्हणतात ते हेच. उजनीच्या पाण्यात आज जो सकर मासा कोळ्यांची जाळी फाडतो, तोही कोणाच्या तरी घरच्या टाकीतला शोभेचा मासाच होता.

म्हणून माझं म्हणणं पुन्हा मामांच्या प्रश्नाकडे जातं. विकत घेण्याआधी विकणाऱ्याला विचारा, हे बेणं कोणाच्या टाकीतलं, किती वर्षं वाढलेलं. पाय ज्याला चिकटला आहे तो खडा पाहा. सिमेंटची किंवा मातीची गोल चकती असेल तर ते वाढवलेलं आहे असं धरायला जागा आहे. फुलांची नक्षी असलेला दगड दिसला तर पैसे खिशात ठेवा आणि बाहेर पडा. उत्तर देता न येणाऱ्या दुकानातून घेऊ नका, स्वस्त असलं तरी आणि तो जीव तिथे मरेल अशी दया आली तरी. त्या दयेच्या जागी दुसरा तुकडा समुद्रातून येतो.

नक्षीचा तो दगड मी वन खात्याकडे जमा केला. त्यावरच्या चार छत्र्या त्याआधी खड्यांवर घेतल्या होत्या. आज त्यांची पिल्लं पंचवीसच्या आसपास आहेत. त्यातली मी विकत नाही. ज्याच्याकडे पावसाचं पाणी आणि बॅटरी आहे त्याला फुकट देतो, आणि सोबत एक वही देतो. तुकडा कोणत्या तारखेला कापला, कोणत्या आईचा, पुढे कोणाला दिला, हे त्यात लिहायचं असतं. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या हाताने एकच ओळ लिहून देतो: मूळ बेणं समुद्रातून तोडलेलं, खरेदी माझी.